लायगेज खराब नव्हतं

"आपण जरा सांगाल का, लायगेज म्हणजे काय?"

शनिवारची लॅब मीटिंग. सर सोडून आम्ही दहा जण. सरांच्या हातात लायगेजची चिमुकली नळी, आणि प्रश्न मला. मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. हा प्रश्न बीएस्सीच्या पोरांना विचारतात.

मी उभी राहिले. सांगितलं. लायगेज म्हणजे डीएनएचे कापलेले तुकडे जोडणारं एन्झाइम. सुट्या टोकांमध्ये ते पुन्हा बंध तयार करतं.

"वा. पाठांतर उत्तम आहे. ते बर्फावर ठेवायचं असतं, एवढं पाठ करायचं राहिलं वाटतं?"

हशा पिकला. मग सर नळी खाली ठेवत म्हणाले, "सवलत प्रवेशाला असते. एन्झाइमला नसते."

आता कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या वह्यांत बघायला लागले. ते मला जास्त लागलं. हसले असते तर निदान कुणावर तरी चिडता आलं असतं.

झालं होतं एवढंच. दहा दिवस कुणाचेच तुकडे जुळत नव्हते. लायगेजची नळी सगळ्यांची एकच, पण ती बर्फाबाहेर राहिली ती माझ्याच हातून, असं सरांनी ठरवून टाकलं. मी तर बर्फाचा डबा हातात असल्याशिवाय फ्रीझर उघडत नाही. आम्ही बौद्ध, मी राखीव जागेवर आलेली. माझी चूक एकटीची धरली जात नाही, हे पहिल्याच वर्षी कळलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

"निष्काळजीपणामुळे एन्झाइम खराब झालं, असं सोमवारपर्यंत लिहून दे," सर म्हणाले. तोवर एन्झाइमला हात लावायचा नाही. म्हणजे माझं काम बंद. आणि तो कागद माझ्या फेलोशिपच्या फाइलला लागणार.

शेजारच्या टेबलावर मानसी काम करते. तीन वर्षांत जोडलेली माझी एकुलती एक मैत्रीण. जिन्यात म्हणाली, "अगं, देऊन टाक ना लिहून. कशाला इश्यू करतेस? सर विसरून जातील." तिचेही तुकडे जुळले नव्हते. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती प्रेमानंच बोलली, आणि त्या वेळी मला फार एकटं वाटलं.

घरी, बिबवेवाडीत, आई ब्लाउज शिवत बसली होती. लायगेज तिला मी मागेच समजावलं होतं. "म्हणजे तू पण शिवणकामच करतेस की!" म्हणून हसली होती. आज मी तिच्या शेजारी बसले. कागद घेतला. "माझ्या निष्काळजीपणामुळे" इथपर्यंत लिहिलं. अक्षर छान आलं होतं. त्याचीच शिसारी आली. कागद फाडला.

रविवारी लॅबमध्ये कुणी नसतं. मी गेले. बंदी मोडून नळी घेतली, दोन प्रयोग लावले. दोन्हीत लायगेज तेच. बफर, म्हणजे ज्या द्रावणात ते काम करतं, तो मात्र एकात रोजचा, दुसऱ्यात नवा, न उघडलेला. बफरमधलं एटीपी, म्हणजे लायगेजला ऊर्जा देणारं रसायन, संपलं की लायगेज नुसतं बसून राहतं. म्हणून बफर छोट्या नळ्यांत वाटून ठेवायचा असतो. आमच्याकडे त्याचा कंटाळा सगळ्यांनाच. अख्खी नळी रोज वितळवायची, रोज पुन्हा गोठवायची, त्यात एटीपी नासतं.

जुन्या बफरात तुकडे सुटेच राहिले. नव्यात जुळले.

सोमवारी, तुकडे जुळले की सुटे राहिले हे दाखवणारा जेलचा फोटो सरांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला. "हं. बफर बदलून घ्या." हे मानसीला. मला काहीच नाही.

"सर, शनिवारी सगळ्यांसमोर बोललात. हेही सगळ्यांसमोर सांगा."

"अगं, एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं. संपला विषय."

त्याच दुपारी मी तक्रार समितीकडे अर्ज दिला. सवलतीचं ते वाक्य, जसंच्या तसं. साक्षीदार म्हणून नऊ नावं लिहिली. एकानंही अजून जबाब दिलेला नाही. मानसी चहाला बोलावत नाही. कॅन्टीनमध्ये मी एकटीच बसते. कधीकधी रडू येतं, ते आवरत नाही.

काल सरांचा निरोप आला. अर्ज मागे घे, चांगला प्रोजेक्ट देतो.

लायगेज चांगलं आहे, हे मी सिद्ध करून दाखवलं. मी चांगली आहे, हे दाखवायला मी कुणापुढे प्रयोग लावणार नाही. अर्ज तिथंच राहील. टेबलही माझंच राहील. आता जबाब सरांनी आणि त्या नऊ जणांनी द्यायचा आहे.