साळंतली पाटी कंची

आमचं मालक चौथीत तीन वरसं व्हतं. साळंत गेलं तवा बाविशीचं, सुटलं तवा पंचविशीचं, अन् रजिस्टरात त्यांचं वय चौदाच्या वर कवा गेलं न्हाय. सोलापुरातल्या त्या साळंत मानूस म्हातारं हुतच नसावं.

परवा नातीला न्यायला कुटल्या तरी कॉलेजातलं सर आलं. पोरगी अंगानं उंच, बास्केटबॉल खेळती. सर म्हनलं, आजी, फी माफ, ऱ्हानंखानं आमच्याकडं, अशी पोरगी आमी सोडनार न्हाय. मी इचारलं, ते ठीक हाय, पन शिकवनार का? सर हसलं. त्यांस्नी वाटलं म्हातारी गंमत करती. मला हा बाजार ठावा हाय. साठ वरसांमागं असंच एक सर आमच्या दारात सायकल टेकवून उभं ऱ्हायलं व्हतं.

आमचं घर मंगळवेढ्याकडच्या माळावर, मेंढरांचं. माझं लगीन हून दोन वरसं झाली व्हती. त्या उन्हाळ्यात माळाच्या पल्याड सरकारी कुरनाला एक पाटी ठोकली. लाकडाची, तिच्यावर काळी अक्षरं. आमच्यात वाचतंय कोन? मालकांनी त्या पाटीच्याच सावलीला बसून भाकरी खाल्ली अन् मेंढरं आत सोडली. पाटीवर लिवलेलं व्हतं, चराई बंद. रखवालदारानं सगळी मेंढरं कोंडवाड्यात घातली. दोन दिस पान्याचा थेंब न्हाय. सात मेली, त्यातल्या तीन गाभन्या. सासूला मी आत्याबाई म्हनायची. त्या मेलेल्या मेंढरांपाशी बसून येवढंच बोलल्या, "घरात एक तरी वाचनारं पायजे."

त्यांचं ते बोलनं माझ्या डोक्यातनं गेलंच न्हाय.

मग लोकर कातरायचे दिस आले. मालक लोकर कातरून तिचा चेंडूवानी घट्ट गोळा बांधायचं अन् बसल्या जागंवरनं, मेंढरांच्या डोक्यावरनं, लांबच्या पाटीत फेकायचं. पाटी म्हंजे आमची बांबूची, शेन भरायची. एक गोळा भाईर पडायचा न्हाय. त्यात हुशारी कसली, उठून जायचा कटाळा. तेवढ्यात हे सर आलं. हाप प्यांट, गळ्यात शिट्टी. मद्रासला जाऊन कसरतीचं शिकून आलेलं ड्रिलचं सर. सायकलीत काटा गेला म्हनून ढकलत चाललं व्हतं. पानी मागितलं अन् तांब्या हातात धरून मालकांकडं बघतच ऱ्हायलं.

मालकांस्नी उठवून उभं केलं. दंड दाबला, तळहात उलटा करून बघितला, हात वर करायला लावून ईतभर काठीनं मोजला. दात तेवढं बघायचं ऱ्हायलं. जनावरांच्या बाजारात आमी बी असंच बघतो, पन तितं दलाल भाव करताना निदान हात रुमालाखाली तरी घालत्यात.

बघून झाल्यावर सर आत्याबाईंस्नी म्हनलं, "आमच्या शाळेत पाठवा ह्याला. तिथं ह्याला पाटी मिळेल, चेंडू मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल."

आत्याबाईंनी खातरी करून घेतली. "पाटी नक्की द्याल न्हवं?"

"पाटी तर उंचावर बांधून ठेवलीय, आई. ह्याचीच वाट बघतेय."

आत्याबाईंस्नी वाटलं, शहरातली पाटी भारी असंल, पोरांच्या हाताला लागू नये म्हनून उंचावर ठेवत असतील. मला बी तसंच वाटलं. साळा अन् पाटी एका दमात म्हनलं की मानसानं काय समजायचं?

मेंढरं आत्याबाई अन् धाकट्या दिरानं सांभाळायची ठरलं. सरांनी मला बी बोलवलं, मैदान सारवायला बाई पायजे व्हती. साळंच्या मागं लाकडं ठिवायची खोली व्हती, तितं आमी दोगं अन् लाकडं.

पैल्याच दिशी मालकांची मिशी काढली. चौदा वरसाच्या पोराला मिशी शोभत न्हाय, असं सरांचं म्हननं. खाकी चड्डी दिली, ती मांडीवर फाटली, दुसरी शिवली. वर्गात बाकावर मावनात म्हनून मागं भुईवर बसवलं. पोरं त्यांस्नी मामा म्हनायची. मास्तरांनी त्यांस्नी अक्षर म्हनून कवा शिकवलं न्हाय, पन वर्गात सगळ्यात जास्ती काम त्यांचं. नकाशा टांगायचा मामानं. घंटेवरचं गांधीलमाश्यांचं पोळं काढायचं मामानं. मास्तर मारायला छडी मागायचं, ती आनायची मामानं.

दसऱ्याला आत्याबाई लेकाला बघायला आल्या. फाटकातनं लेक दिसला, बिनमिशीचा. आमच्यात मिशी काढत्यात ती बाप गेल्यावर. आत्याबाईंनी फाटकातच बसकन मारली अन् गळा काढला. सगळी साळा भाईर आली. हेडमास्तर पळत आलं, इचारलं, कोन गेलं?

"तेच मी इचारतीया," आत्याबाई म्हनल्या. "ह्याचा बाप कवाच गेलाय. मग आता कोन गेलं?"

सरांनी लई समजावलं. आत्याबाईंचं रडनं थांबलं, पन जाताना मला बाजूला घिऊन म्हनल्या, ह्या साळंचं काय खरं न्हाय, जित्या मानसाचं सुतक धरत्यात.

खायला मातुर कमी केलं न्हाय. सकाळी दूध अन् अंडी, भिजवलेलं हरभरं, सांजच्याला शेंगदानं अन् गूळ. जत्रंआधी बोकडाला चारत्यात तसं. मला पोटापुरती भाकरी मिळायची, अंडी मिळत न्हवती, मी चेंडू टाकत न्हवते. मग सर त्यांस्नी उड्या मारायला लावायचं. पळताना चेंडू आपटायला शिकवायचं. मालक शिकलं बी भराभरा. खेळताना बाकीची पोरं पांगली की मालक मेंढरं हाकारल्यावानी तोंडानं आवाज काढायचं अन् पोरं गोळा व्हायची. सरांनी तो आवाज म्हंजे डावपेच म्हनून वहीत लिवून घेतला. आमची साळा जिकायला लागली. हेडमास्तर मालकांच्या पाठीवर हात ठिवायचं, त्यासाठी त्यांस्नी टाचा वर कराव्या लागायच्या.

एक दिस मैदानावर चुन्याच्या रेघा मारताना मालकांनी त्याच चुन्यानं भुईवर आपलं नाव काढलं. सरांनी शिकवलं व्हतं. "हे माझं नाव," म्हनलं. मी बघत ऱ्हायले. त्या दिवशी तेवढी जागा सोडून सारवलं. दुसऱ्या दिशी बी सोडली. मनात म्हनलं, नाव आलं, आता बाकीचं यायला किती वेळ.

असं तिसरं वरीस लागलं. दिवाळीला आमी घरी चाललो. कुरनापाशी आलो तर पाटी नवी. रंग नवा, अक्षरं बी येगळी दिसली. मी मालकांस्नी म्हनलं, वाचा की. मालक पाटीपुढं उभं ऱ्हायलं. लई येळ बघितलं, मान तिरकी करून बघितलं, डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं.

मग म्हनलं, "हितं माझं नाव न्हाय."

मला आधी कळलंच न्हाय. मी म्हनलं, तुमचं नाव कशाला आसंल, काय लिवलंय ते सांगा. मालक म्हनलं, मला नाव तेवढं ठावं. चित्र काढल्यावानी काढतो. त्यात कंचं अक्षर कंचं ते मला बी कळत न्हाय.

तितनं एक सायकलवाला चालला व्हता, त्याला इचारलं. त्यानं पाटी वाचली अन् हसला. "कुरन मोकळं केलंय की, दोन म्हैनं झालं." अन् आत्याबाई दोन म्हैनं मेंढरं घिऊन माळाला वळसा घालत व्हत्या, ह्या पाटीच्या भ्यानं. टाचा फुटल्या व्हत्या त्यांच्या. लेक साळंत शिकतोय म्हनून गावभर सांगत व्हत्या. मी त्यांस्नी कुरन मोकळं झाल्याचं तेवढं सांगितलं, लेकाचं न्हाय. त्यांच्या टाचंत कोकमाचं तेल भरलं अन् परत आले.

सोलापुरात आल्याबरुबर मैदानावर सरांपुढं गेले. म्हनलं, "सर, पाटी कवा देनार?"

सरांनी वर बोट केलं. "ही काय पाटी."

"ही न्हवं. साळंतली."

"अहो बाई, मी हीच म्हणालो होतो. ह्या खेळाला मराठीत नाव नाही, म्हणून तुम्हाला कळेल असं सांगितलं."

मी वर बघितलं. बुरडाकडनं आनलेली बांबूची पाटी, बूड कापून लोखंडी कडीत बसवलेली. तीन वरसं मी तिच्या खाली सारवत व्हते. वरनं टाकलं की खालनं पडतंय, त्याला सगळं गाव टाळ्या वाजवतंय. सरांचा काय दोस न्हाय. ते पाटी म्हनलं अन् पाटीच दिली.

त्या वरसाचा कप बी आमच्याच साळंनं जिकला. बक्षिसाला साळा तपासनारं दिपोटी साहेब येनार व्हतं. कप घेताना पैल्या गड्यानं कागदावर सही करायची, असं ठरलं व्हतं. आदल्या दिशी सर मालकांस्नी सही घटवायला बसलं. सर गेल्यावर मी मालकांस्नी म्हनलं, ते चित्र काढू नगा.

"सर रागावतील," मालक म्हनलं.

"रागावू द्यात. मेंढरं मेली तवा कोन रागावलं?"

मालक परत सही घटवायला लागलं. मला वाटलं, ऐकलं न्हाय.

दुसऱ्या दिशी मांडवात सगळी मंडळी. मी भिंतीपाशी झाडू घिऊन. दिपोटी साहेबांनी कप दिला, कागद पुढं सारला, टाक दिला. मालकांनी टाक बाजूला ठिवला अन् अंगठा पुढं केला. म्हनलं, शाई कशात हाय?

साहेबांनी इचारलं, कितवीत आहेस?

"चौथीत, साहेब. तीन वरसं."

"वय काय तुझं?"

मालकांनी सरांकडं बघितलं. "कंचं सांगू? रजिस्टरातलं, का आईनं सांगितलेलं?"

मांडवात हसू फुटलं. दुसऱ्या साळांचं मास्तर मातुर हसलं न्हायत. त्यांच्या परत्येकाकडं एक एक ताज्या दाढीचा पोरगा मागं बसलेला व्हता, त्याला ते हळूच खाली वाकायला सांगत व्हते. हेडमास्तरांचं तोंड चुन्यावानी झालं. साहेबांनी येवढंच सांगितलं, ह्याला वाचता येईपर्यंत हा मैदानावर दिसता कामा नये. वाचून दाखवायला माझ्यापुढं आणा. न्हायतर साळंच्या सरकारी मदतीचं बघावं लागंल.

माझं सारवायचं काम त्याच दिशी गेलं. हेडमास्तरांनी कारन सांगितलं न्हाय, मी इचारलं न्हाय. गिरनीत सूत गुंडाळायला जायला लागले. उभं ऱ्हाऊन पाय सुजायचं, बोटांच्या चिरांत सूत जायचं. लाकडाच्या खोलीतनं काढलं न्हाय, तेवढं बरं.

अन् आता मालकांस्नी शिकवायची घाई सगळ्या साळंला. ज्या मास्तरांनी तीन वरसं छडी आनायला लावली, त्यांनी पाटी आनली, दगडाची, लाकडी चौकटीची. हेडमास्तर सोता बसायचं. पन शिकवलं खरं ते ड्रिलच्या सरांनी. त्यांस्नी दुसरं शिकवता येत न्हवतं, म्हनून कसरतीवानीच शिकवलं. मैदानावर चुन्यानं हे मोठालं क काढायचं, शिट्टी मारायची, अन् मालकांनी त्या क वरनं पळायचं. चुकलं की परत. "लवकर शिक रे बाबा," म्हनायचं, "पुढच्या मॅचेस आल्या." पाच म्हैन्यात मालकांनी बाराखडी पायानं पाठ केली. जोडाक्षरं आली की अडखळायचं, पन वाचायचं.

वाचायला आल्यावर त्यांनी पैल्यांदा काय वाचलं असंल तर साळंचं रजिस्टर. हेडमास्तरांच्या टेबलावर उघडं व्हतं. आपलं नाव हुडकलं, बोट ठिवून पुढं वाचत गेलं. खोलीवर येऊन मला सांगितलं, वय चौदा. लगीन, न्हाय.

"मग मी कोन?" मी म्हनलं.

"तू रजिस्टरात न्हाईस."

त्या रातीचं जेवान आमी लई हसत जेवलो.

दिपोटी साहेबांपुढं मालकांनी धडा वाचून दाखवला. सर भाईर चेंडू घिऊनच उभं व्हतं. मालक भाईर आलं, चेंडू घेतला, एकदा वर टाकला, बिनबुडाच्या पाटीतनं खाली आला तो झेलून सरांच्या हातात दिला अन् म्हनलं, सर, आता जातो. सरांच्या डोळ्यात पानी आलं. मला त्यांची कीव आली न्हाय, पन पानी खरं व्हतं. येवढ्या लांबीचा हात परत कुटं मिळायचा.

आमी चालत घरी आलो. मालकांची मिशी अर्धी आली व्हती. आत्याबाई मेंढरं घिऊन कुरनापाशीच भेटल्या. पाटी परत बदलली व्हती. मालक पुढं गेलं. पायानं शिकलेलं मानूस, वाचताना उजवा पाय आपोआप भुईवर हलायचा. एक एक अक्षर करत वाचलं. मेंढरं मागं थांबली, आत्याबाई थांबल्या, मी थांबले.

"चराई बंद," मालक म्हनलं.

आत्याबाईंनी मेंढरं वळवली. परत तोच माळाचा वळसा, तेच ऊन, त्याच फुटल्या टाचा. पन त्या दिवशी आत्याबाई पुढं चालत व्हत्या अन् वाटंत जो भेटंल त्याला थांबवून सांगत व्हत्या, "तिकडं जाऊ नगासा. बंद हाय. आमच्या पोरानं वाचलंय."