वऱ्हाडात आलेली वरमाई

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही मात्र आजही लख्ख आठवते.

मी मराठी पोलीस अधिकारी, नेमणूक पश्चिम बंगालमध्ये. कोलकात्याजवळच्या बजबज गावापुढची काही खेडी माझ्या हद्दीत होती. हातावर पोट असलेली वस्ती. हुंडा न घेता मुलगी मागणारे दलाल तिथे फिरत, आणि लग्न होऊन परराज्यात गेलेल्या मुलींचा पुढे पत्ता लागत नसे. शेवटी एका गावातल्या बायकांनी स्वतःच पहारा सुरू केला. परकं वऱ्हाड आलं की आधी त्या पारखत, मग ठाण्याला कळवत.

एके दिवशी त्यांच्या म्होरक्या काकीमांचा फोन आला. "साहेब, देवळात लग्न उरकून संध्याकाळच्या गाडीने मुलगी नेणार आहेत. लवकर या."

गेलो. नवरा, त्याचा मामा आणि आई बसले होते. मुलीला अठरा पूर्ण, ओळखपत्रं ठीक. मूळचे कोलकात्याचे बंगालीच, कामानिमित्त परराज्यात असतो, असं मामा सफाईने सांगत होता. मुलीचा बाप माझ्यावर डाफरला, "गरिबाच्या दारात लग्न आलं, तेही बघवत नाही?"

काकीमांना बाजूला घेऊन विचारलं, "यात संशय कसला?"

"आई आली आहे."

मला उलगडा होईना. आपल्याकडे वरमाईशिवाय वऱ्हाड हलत नाही.

"आमच्यात आई मुलाचं लग्न बघत नाही," काकीमा म्हणाल्या. "घरी थांबते, सुनेला ओवाळून आत घेते. ही इथे, मग तिथे दारात कोण?"

तिघांना ठाण्यात वेगवेगळं बसवलं. बंगाल्यांत प्रत्येकाला घरचं एक लाडाचं नाव असतं. नवऱ्याचं ते नाव तिघांनी तीन वेगळं सांगितलं. मग आई म्हणून आलेली बाई रडायलाच लागली. आई सोबत असली की लोक विश्वास ठेवतात, म्हणून तिला पैसे देऊन आणलं होतं. त्याच धाग्यावरून पुढे आधी नेलेली एक मुलगीही सापडली.

जबाब घ्यायला त्याच संध्याकाळी परत गावात गेलो. नवरी मुलगी अळता लावलेले पाय आखडून बसली होती. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे त्यांना मी पसंत नव्हतेच?"

मला फार वाईट वाटलं. खबर मिळाली तर पोलीस गुन्हा रोखू शकतात. पण त्यानंतर अशा मुलीपाशी बसायला ठाण्याकडे माणूस नसतो, तो गावाकडे असावा लागतो. मी निघालो तेव्हा पहाऱ्यातल्या बायका तिच्याभोवती बसून होत्या, आणि कोणालाही उठायची घाई नव्हती.