बाहेरचं

वाचनालयाच्या काउंटरवरून मी पुस्तक नोंदवून दिलं, तर सुनंदाताई तिथेच त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालू लागल्या. पुस्तक चार्वाकांवरचं.

"खराब होऊ नये म्हणून?" मी विचारलं.

"छे हो, घरी दिसू नये म्हणून! सासूबाई म्हणतात, हिला बाहेरचं काहीतरी लागलंय."

बाहेरचं. हा शब्द टोचतच राहिला. बायझंटाईन साम्राज्यातले ख्रिस्ती पंडित जुनं ग्रीक तत्त्वज्ञान पुन्हा वाचू लागले, तेव्हा तेही त्याला 'बाहेरची विद्या'च म्हणत. होतं त्यांच्याच भाषेतलं, त्यांच्याच पूर्वजांचं. पण धर्मपीठाचा दंडक असा, की शिकण्यापुरतं वाचा, खरं मानू नका. मग एखादा नकलनवीस पानंच्या पानं निगुतीनं उतरवून घेई आणि समासात त्याच लेखकाला शिव्या लिहून ठेवी. त्या शिव्या मनापासूनच्या होत्या की तेही कव्हरच होतं, कुणास ठाऊक.

संध्याकाळी कार्यकारिणीतले एकजण डाफरले, "असली पुस्तकं कशाला मागवता?"

"संदर्भाला असावीत म्हणून," मी घाईघाईनं म्हणालो. "मी कुठे वाचतोय!"

ते पुस्तक मी दोनदा वाचलंय. सुनंदाताईंचं कव्हर निदान पुस्तकावर होतं.