गोलूने खाल्लेलं पत्रक

आमच्या गोलूने माझं पत्रक खाल्लं, तेव्हा घरात तीसेक माणसं होती आणि त्यांतल्या एकानेही ते वाचलेलं नव्हतं.

गोलू म्हणजे माझ्या दादाचा मुलगा. पत्रकाकडे येण्याआधी माझ्याबद्दल सांगायला हवं. मी पत्रकांवर वाढले, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाहीये. बाबा रेल्वेचं इंजिन चालवायचे, आणि ड्यूटी नसली की युनियनचं काम करायचे. रायपूरच्या गुढ़ियारी वस्तीतल्या आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे छतापर्यंत गेलेले. आई त्यांत पोळ्या गुंडाळायची, फडताळाच्या फळ्यांवर तीच अंथरायची. शाळेत 'क से कबूतर' शिकवण्याआधी मला 'कामगार साथियों'मधला क येत होता. नाव तर क्रांती ठेवलेलंच होतं. (दादाच्या वेळी आजोबा हयात होते, म्हणून तो विजय राहिला.)

आमच्या घराण्यात करिअर निवडण्याची पद्धत फार सोपी होती. आजोबा तुमसरकडून रेल्वेच्या मागोमाग रायपुरात आले, बाबा आजोबांच्या मागोमाग रेल्वेत गेले. रेल्वेने घेतलं तर रेल्वे, नाही घेतलं तर पुढच्या भरतीची वाट. मग नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि मिसरूड फुटावं तसं पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, प्रत्येक पोट्ट्याला भविष्य फुटलं. जिथे पिठाची गिरणी होती तिथे कोचिंग क्लास आला. गिरणीवाल्याचा मुलगा इंजिनीअर झाला. दादा मंत्रालयात लागला आणि त्याला नवा रायपुरात, म्हणजे शहराबाहेर नव्याने वसवलेल्या राजधानीत, सरकारी फ्लॅट मिळाला. तिथले रस्ते इतके रुंद आहेत की पलीकडच्या फुटपाथवर जायचं तर डबा बांधून निघावं.

आणि या सगळ्या बदलात वहिनीने रेल्वेची परीक्षा दिली.

स्वातीवहिनी गोंदियाची, इलेक्ट्रिकल डिप्लोमा. ती सहायक लोको पायलट म्हणून पास झाली, म्हणजे इंजिनात मुख्य ड्रायव्हरच्या शेजारी बसणारी. ट्रेनिंगला सोमवारी बिलासपुरात हजर व्हायचं होतं. मला वाटलं, बाबा पेढे वाटतील. बाबांनी चष्मा पुसला.

"मास्तरीण हो म्हणा तिले. बँकेत जाय म्हणा," ते म्हणाले.

"बाबा, तुमचंच काम पुढे चालवून राहिली ती."

"चालवणं कोणालेही येते. थांबणं जमलं पाहिजे. घरी पोरगं तापानं फणफणलेलं असो, लाल म्हंजे लाल. मायचं काळीज थांबते का तिथं?"

"तुम्हीच पत्रकात लिहिलं होतं, बाईमाणूस कुठल्याच कामात कमी नाही."

"ते बिडी कारखान्यातल्या बायांसाठी होतं."

"आणि सून?"

"सून घरची आहे."

याला वैचारिक अधःपतन म्हणतात, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, पंखा बंद कर, वारा लागून राहिला.

आई मात्र तयार होती. "मी सांभाळीन गोलूले," ती म्हणाली. "पण ह्यायनं हव म्हणू दे. हे तोंड पाडून बसले तं घरात पोरगं हसत नाही."

वहिनीने मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, तुम्ही थोडे दिवस गप्प राहा. बाबा वळून राहिले हळूहळू. काल मले विचारत होते, की बिलासपूरच्या होस्टेलात जेवण कसं असते. भांडून गेले तं गोलूले इथं कोणत्या तोंडानं ठेवू?"

गप्प राहा, असं मला आजवर पोलिसांनीही सांगून पाहिलं आहे. त्याच संध्याकाळी मी छापखान्यात गेले.

रविवारी गोलूचं उष्टावण होतं, दादाच्या नव्या फ्लॅटवर. आमच्याकडे बाळाला पहिली खीर चाटवली की त्याच्यासमोर पाटावर वस्तू मांडतात. बाळ जे उचलेल, तो त्याचा पुढचा धंदा. आजोबांच्या काळी पाटावर वही, सोन्याची अंगठी आणि मूठभर माती एवढंच असायचं. नव्या राज्यात पाट पुरेना. दादाने मंत्रालयाचं ओळखपत्र ठेवलं. मावशीने खेळण्यातला स्टेथोस्कोप आणला. शेजारच्या साहू काकींनी धानाची लोंबी ठेवली. (त्यांचे दोन्ही मुलगे पुण्यात कॉम्प्युटरमध्ये आहेत, पण गोलूने शेती करावी असं त्यांना मनापासून वाटतं.) बाबांनी आपली लाल आणि हिरवी झेंडी पाटाच्या अगदी पुढच्या काठाला मांडली, गोलूच्या हातापासून वीतभर अंतरावर. झेंड्या नातवाला चालत होत्या, त्याच्या आईला नाही. हे मी मोठ्याने बोलून दाखवलं.

"तू खीर वाढ," आई म्हणाली.

आता ही प्रथा मला मुळातच अमान्य. ज्या बाळाला पँटची निवड करता येत नाही, त्याच्याकडून आपण आपल्या इच्छा उचलून घेतो आणि त्याला त्याची आवड म्हणतो! नेमकं हेच मी पत्रकात लिहिलं होतं. मथळा होता, 'बाळाला निवडू द्या, आईलाही निवडू द्या'. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, कारण आमच्या तरुण भावंडांना मराठी समजतं, पण ती उत्तर हिंदीतच देतात. कागद जांभळा, पातळ, सगळ्यांत स्वस्त. दारात उभी राहून मी ते सगळ्यांना वाटलं. दहा मिनिटांत त्याचे द्रोण झाले आणि त्यांत चिवडा आला.

तेव्हा मी ठरवलं, विरोध करायचा तर पाटावरच. एक पत्रक मी झेंड्यांच्या शेजारी ठेवलं. मग वाटलं, स्पर्धा समान पातळीवर हवी. सोनं चमकतं, झेंडी फडफडते, विचाराला बिचाऱ्याला काय आहे? म्हणून पत्रकावर मी खिरीचं एक बोट फिरवलं. (दोन.)

गोलू रांगत निघाला. अंगठी त्याने ओलांडली. ओळखपत्राकडे ढुंकून पाहिलं नाही. दादा म्हणाला, "बेटा, पेंशन है इसमें." हिरव्या झेंडीपाशी तो क्षणभर थांबला आणि बाबा पुढे झुकले. मग त्याने वास घेतला आणि थेट पत्रक उचललं.

"बघा," मी टाळ्या वाजवत म्हणाले, "त्याने विचार निवडला."

"विचार काहीचा," आई म्हणाली, "खाऊन राहिला तो."

पत्रक बाहेर काढेपर्यंत मथळा आणि पहिला परिच्छेद गेलेला होता. गोलू खूश होता. पण त्याचे ओठ जांभळे झाले. मग जीभ. मग हनुवटी.

"पोरगं निळं पडलं," मावशीने सांगितलं आणि तीस माणसं एकदम उभी राहिली.

या क्षणी घराला शांत डोक्याच्या माणसाची गरज होती. मी ओरडले, "छपाईच्या शाईत शिसं असतं!" हे मला पक्कं माहीत होतं. छापखान्यातल्या कामगारांच्या आरोग्यावर मीच एक पत्रक लिहिलं होतं. शिशाचे सगळे परिणाम मी क्रमाने सांगायला लागले. आई खाली बसली.  वहिनी पदराने गोलूचं तोंड पुसत काहीतरी सांगत होती, पण मी तेव्हा मेंदूवरच्या परिणामांपर्यंत पोचले होते.

दादाने अँब्युलन्सला फोन लावला.

"लैंडमार्क बताइए," पलीकडून आवाज आला.

दादाने खिडकीतून बाहेर पाहिलं. "भैया, यहाँ कुछ नहीं है."

"कुछ तो होगा."

"नहीं है. यही लैंडमार्क है."

खाली भाड्याची जीप उभी होती. गुढ़ियारीहून पाहुण्यांना तीच घेऊन आली होती, कारण त्या बाजूला बस क्वचितच येते. चावी जीपमध्ये होती. ड्रायव्हर नव्हता. तो चहाची टपरी शोधायला पायी निघाला होता, आणि नवा रायपुरात चहा शोधायला पायी निघालेला माणूस त्याच दिवशी परत येईल याची खात्री नसते. दादा त्याला शोधायला स्कूटर घेऊन गेला. आता आमच्याकडे ड्रायव्हरही नव्हता आणि दादाही नव्हता.

वहिनीने गोलूला माझ्या हातात दिलं, साडी खोचली आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसली. "बाबा, पुढे बसा. आई, ताई, मागं."

"तुले येते?" बाबांनी विचारलं.

"गोंदियाले माझ्या बाबांची जीप मीच चालवत होते."

जीप निघाली. रिकामा, सरळ, चकचकीत रस्ता. मी मागून गोलूची नाडी बघत होते आणि मला ती सापडत नव्हती, मुख्यतः त्याने माझी वेणी धरून ठेवल्यामुळे. जीप भरधाव होती. मग मोठा चौक आला.

इथे बाबांची एक सवय सांगावी लागेल. इंजिनात दोघं असतात. एकाने सिग्नल दिसला की मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तोच परत म्हणायचा, म्हणजे दोघांनी पाहिल्याची खात्री होते. बाबा निवृत्त झाले, पण ही सवय निवृत्त झाली नाही. रिक्षात बसले तरी चौक आला की ते म्हणतात, "लाल." रिक्षावाले दचकतात. आम्ही हसतो. परत कोणी म्हणत नाही.

त्या दिवशीही, नातू निळा पडलेला असताना, त्यांच्या तोंडून पुटपुटल्यासारखं निघालं, "लाल."

"लाल," वहिनी म्हणाली, आणि जीप थांबली.

चारही रस्त्यांवर माणूस नव्हता. चौकात आमच्याशिवाय फक्त एक गाय होती, आणि तीही थांबलेली होती. सिग्नलवरचे आकडे एकेक करून उतरत होते, अगदी सरकारी वेगाने.

"अवं स्वाती, चाल ना," आई कळवळून म्हणाली. "कोणी नाही रस्त्यानं."

"लाल आहे, आई."

"वहिनी," मी म्हणाले, "नियम माणसासाठी असतात, माणूस नियमांसाठी नसतो." (दुसरा परिच्छेद, शेवटची ओळ. गोलू तिथपर्यंत पोचला नव्हता.)

"ताई, त्याची मान नीट धरा."

 बाबा सिग्नलकडे पाहत होते, मग गिअरवरच्या तिच्या हाताकडे, मग पुन्हा सिग्नलकडे. तिचा हात स्थिर होता. बाबांचा मात्र गुडघ्यावर नाचत होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने दाबून धरला.

"हिरवा," वहिनी म्हणाली.

 "हिरवा," बाबा म्हणाले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोलूला टेबलावर बसवलं, ओल्या कापसाने त्याचे ओठ पुसले आणि कापूस आम्हाला दाखवला. कापूस जांभळा, ओठ गुलाबी. "रंग है. कागज़ का," त्या म्हणाल्या. "क्या खिलाया था?"

"विचार," आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी माझे जांभळे तळवे पाहिले आणि मला वेगळं काही होतंय का, असं विचारलं. माझे हात दोन दिवसांपासून त्याच रंगाचे होते. शिशावर पत्रक लिहिणाऱ्या बाईच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"गाड़ी किसने चलाई?" त्यांनी कागदावर लिहिता लिहिता सहज विचारलं.

बाबा खुर्चीतून उठले. युनियनच्या गेट मीटिंगला उठायचे, तसे. "बहू ने," ते म्हणाले. "सहायक लोको पायलट है. सोमवार से बिलासपुर में."

वहिनीने मान खाली घातली. आईने गोलूचं तोंड पदराने पुन्हा पुसलं, गरज नसताना.

सोमवारी पहाटे बाबा स्वतः तिला स्टेशनवर सोडायला गेले. लाल-हिरव्या झेंड्या त्यांनी तिच्या बॅगेत टाकल्या. तिथे त्या नव्या मिळतील, हे त्यांना माहीत होतं. माझ्या पत्रकामुळे एका स्त्रीला तिचा हक्क मिळाला, असं मी पुढे आठवडाभर सगळ्यांना सांगत होते.

मग वहिनी पहिल्या सुट्टीवर आली. भेंडी चिरता चिरता मी तिला विचारलं, "तुले भीती नाही वाटली त्या चौकात?"

"काहून वाटन? रंग आहे हे मले घरीच समजलं होतं. पदराले लागला ना सगळा."

माझ्या हातातली भेंडी खाली पडली. "मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं की. तीन वेळा सांगितलं. तुम्ही मेंदूवर होता. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय कोणी ऐकणार नव्हतं, म्हणून गाडी काढली."

"आणि खरंच काही झालं असतं तर? लालवर थांबली असती?"

तिने खाली पडलेली भेंडी उचलून धुतली. "माहीत नाही, ताई," ती म्हणाली. "म्हणूनच तं ट्रेनिंग असते."

मग तिने चिरलेली भेंडी माझ्या पुढ्यातून ओढून घेतली. "हे बाबांना सांगू नका."

मी, सत्य छापून चौकाचौकात वाटणारी क्रांती, एवढे दिवस गप्प आहे. आज हे लिहिलं, ते अगदी शेवटी, आणि निर्धास्तपणे. बाबा माझं लेखन पहिल्या परिच्छेदापुढे कधीच वाचत नाहीत. त्याच्या पुढे जायची भूक घरात फक्त एकालाच आहे, आणि त्याला अजून अक्षरओळख नाही.