फरास की फरासीस

आमच्या घराण्यात एक फ्रेंच सर्जन होऊन गेला, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि मोठेपणी टाळत आलो. वाटूरच्या शेतकरी घरात फ्रेंच सर्जन कुठून आला, असं कुणी विचारलं की दोन पुरावे पुढे केले जायचे. एक मोडीतला कागद, त्यात आमच्या पूर्वजाच्या नावापुढे म्हणे ‘फरासीस’, म्हणजे फ्रेंच, असं लिहिलेलं. दुसरा पुरावा म्हणजे वीतभर लांबीची, टोकाला वाकलेली लोखंडी सुई. खंडेनवमीला लोक नांगर-विळे पुजतात. आम्ही त्यांच्या शेजारी ‘डाक्टरची सुई’ पुजतो.

यंदा चुलतभावाने वंशावळ छापायला घेतली. गुळगुळीत कागद, सोनेरी अक्षरं, सगळ्यात वर टोपीवाला गोरा माणूस. चित्र मोबाइलवरून उतरवलेलं. भाऊ माझ्याहून मोठा. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला म्हणून मला मास्तर म्हणतो.

“मास्तर, तेवढा कागद वाचून आण. छापखानावाला थांबून राह्यला.”

“दादा, टोपी कोणत्या पलटणीची?”

“टोपीचं मी बघतो. तू कागद बघ.”

मी निघालो तो खरं म्हणजे ती टोपी उतरवायलाच. मस्तगडच्या एका गल्लीत मोडी वाचणारे गृहस्थ राहतात. हल्ली जातीच्या दाखल्यासाठी निजामकाळची नोंद शोधणाऱ्यांची त्यांच्या ओट्यावर गर्दी असते. मी बसलो, उठलो, चहा प्यालो, परत बसलो. पाळी आली तेव्हा त्यांनी भिंग एकदाच फिरवलं.

“फरास.”

“फरासीस नाही?”

“न्हाई. फरास म्हणजे छावणीत तंबू ठोकणारा, जाजमं अंथरणारा. अक्षर बिलकुल साफ आहे, सर. वाळवी लागली असती तर तुमच्यासाठी काही करता आलं असतं.”

म्हणजे सुईचाही निकाल लागला. तंबूचं कापड शिवायचा दाभण तो. मला आनंद झाला. तो गाडीला किक मारेपर्यंत टिकला. मग उगीचच घाई सुटली, कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना. तसाच मंठ्याला आत्याकडे गेलो. घरात सगळ्यांत मोठी तीच आणि ती सुईही एरवी तिच्याकडेच असते.

आत्या ओसरीत शेंगा फोडत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

“दाभण हाय, ते मला ठाऊक हाय. पोती शिवलीत मी त्यानं.”

“मग इतकी वर्षं डाक्टर डाक्टर काय चाललं होतं?”

तिनं सूप बाजूला सारलं. “माझे डोळे बघ.”

तिचे डोळे घारे, जवळजवळ राखी. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे मी कधी पुरावा म्हणून पाहिलंच नव्हतं.

“मी जलमले तवा घरात असे डोळे कुणाचेच नव्हते. लोक नको ते बोलाया लागले. मायला माहेरी धाडायला गाडी जुंपली व्हती. मंग आज्यानं पेटी उघडली, ह्यो कागद काढला अन् सगळ्यांसमोर वाचला. फरासीस. आपल्या रक्तातच हाय म्हन्ला. बैलं सोडली.”

“त्यांना नीट वाचता येत नसेल.”

“आज्याला मोडी लई चांगली येत होती,” आत्या म्हणाली. “गावाचे कागद तोच लिहायचा.”

मी उठलो. पाणी प्यालो. दारापर्यंत जाऊन परत आलो. कागद घडी करून खिशात घातला, पुन्हा काढला. अक्षर खरोखरच साफ होतं.

“दादा छापायला बसलाय,” मी म्हणालो.

“मंग? आता डाक्टर न्हाई म्हणलास, तर माझ्या मायला कुठं बसवशील?”

तेवढ्यात दादाचाच फोन आला.

“मास्तर, काय निघालं?”

आत्या शेंगा फोडत होती. माझ्याकडे बघत नव्हती, पण हात मंदावले होते.

“फरासीस,” मी म्हणालो.

“म्हणलो व्हतो ना. अन् टोपी?”

“टोपी राहू दे.”