गौरींचं पुरण आणि माझी पाळी

लखनौत कुणी कुणाला जाड म्हणत नाही. इथे सेहत 'बनते'. आलमबागेत राहायला आल्यावर वर्षभरातच शेजारच्या भाभींनी मला जिन्यात अडवलं, आपादमस्तक न्याहाळलं आणि अगदी कौतुकाने म्हणाल्या, "माशाअल्लाह, आपकी तो सेहत बन गई है!" मी लाजून "शुक्रिया" म्हटलं. इथली हवा आपल्याला मानवली, असं मी त्या रात्री नवऱ्याला सांगितलंसुद्धा. पुढे सांगलीच्या मावशीने व्हिडिओ कॉलवर मला पाहिलं आणि पहिलंच वाक्य टाकलं, "काय गं, किती सुटलीस!" मावशीचा भयंकर राग आला. पण खरं काय ते तिनेच सांगितलं होतं.

अमीनाबादेतला माझा टेलरही अस्सल लखनवी. ब्लाउज उसवून उसवून आतली शिलाई संपली, तेव्हा तो मान खाली घालून म्हणाला, "मैडम, इस कपड़े में अब गुंजाइश नहीं रही." म्हणजे चूक कपड्याची. एवढ्या सभ्य शहरात बाईला आपण जाड झालोय हे कळायला फार उशीर होतो.

पाळी चार-चार महिने येईनाशी झाली तेव्हा मी डॉक्टरकडे गेले. डॉक्टरबाईंनी कागदावर दोन बटाटे काढले, त्यांत बरेच ठिपके दिले आणि ही तुमची अंडाशयं म्हणून सांगितलं. आजाराचं नाव पीसीओएस. यात हार्मोन्सचा तोल जातो, पाळी लांबते, वजन चढतं, हनुवटीवर केस येतात. वजन चढलं की पाळी आणखी लांबते, आणि हा आजार असला की वजन उतरता उतरत नाही. "वज़न कम कीजिए," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "कसं?" त्यांनी पेन बंद केलं आणि म्हणाल्या, "धीरे-धीरे."

वर्षभर त्यांनी गोळ्या दिल्या. गोळी घेतली की पाळी यायची, थांबवली की पत्ता नाही. बोलावणं धाडून आणलेल्या पाहुण्यासारखी ती यायची आणि जायची, मला काही ती माझी वाटायची नाही. शेवटी जानेवारीत त्या म्हणाल्या, "गोली बंद करके देखते हैं. थोड़ा वज़न उतारिए. अपने आप आ गया तो बहुत अच्छा. नहीं तो राखी के बाद फिर गोली." मूल हवं की नको हे आम्ही नवरा-बायकोने अजून ठरवलं नव्हतं. पण ते ठरवायचं आमच्या हातात असावं असं मला वाटत होतं. आणि त्याआधी या शरीराने एकदा, फक्त एकदा, कुणी न सांगता आपलं काम करून दाखवावं. त्यासाठी मी काय वाटेल ते करायला तयार होते.

'काय वाटेल ते' म्हणजे पहिल्यांदा जिम. आलमबागेतली आमची जिम मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. चालायच्या यंत्रासमोर खिडकी, खिडकीखाली खस्ता कचोरीची कढई. मी रोज संध्याकाळी घाम गाळत त्या कढईच्या दिशेने चालत असे, आणि रोज होते तिथेच राहत असे. शिकवणारा पोरगा प्रत्येक व्यायामाला "दीदी, बस दो और" म्हणायचा. त्याचे ते दोन कधी संपले नाहीत.

बँकेत आणखी वेगळी तऱ्हा. आमच्या शाखेत मिठाई आली नाही असा आठवडा जात नाही. कुणाची बदली होते, कुणाची बदली रद्द होते, मिठाई दोन्हीला येते. नको म्हटलं तर "हमारी क़सम" म्हणतात आणि तोंडात घालतात. "डाइट पर हूँ" म्हटलं की आमचे मॅनेजर मोठ्या आपुलकीने म्हणायचे, "डाइट कल से." एवढ्या अदबीने कुणी गळा कापला तरी माणूस शुक्रियाच म्हणेल.

माझ्यासोबत म्हणून नवऱ्यानेही साखर सोडली. नुसती चहातली साखर सोडली तर महिन्याभरात त्याची पँट सैल झाली. मी साखर सोडली, भात सोडला, बटाटा सोडला, शेवटी त्याच्याशी बोलणं सोडलं, तरी काटा जागचा हलेना. एकदा तर उलटा चढला. मी वजनकाटा पलंगाखाली ढकलला आणि ढसाढसा रडले. मग काटाच बिघडलाय का, हे बघायला नवऱ्याला त्यावर उभं केलं. काटा उत्तम चालत होता.

हळूहळू मात्र काहीतरी जमू लागलं. उपाशी राहणं बंद केलं. मटकीची उसळ, अंडी, डाळ असं पोटभर खायला लागले. मोड आलेली मटकी पाहून शेजारच्या भाभींनी "तबीयत तो ठीक है न?" असं काळजीने विचारलं. ऑफिसला जाताना मेट्रोतून एक स्टेशन आधी उतरायचं, जिममध्ये डंबेल्स उचलायचे, रात्री मोबाइल लांब ठेवून वेळेवर झोपायचं. उन्हाळा संपेपर्यंत ब्लाउज थोडे सैल झाले. टेलर कपाळाला आठी घालून म्हणाला, "तबीयत कुछ नासाज़ रही?" बारीक झाले म्हणजे आजारीच पडले असणार, असा त्याचा हिशेब. मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

वजन उतरलं, पण पाळीचा पत्ता नाही. राखी आली आणि गेली. घरी गौरी-गणपतीची गडबड आहे असं सांगून मी डॉक्टरबाईंकडची वेळ पुढे ढकलली. आता गौरी जेवल्या की पुढच्या सोमवारी जायचं, पुन्हा गोळ्या सुरू. त्या सोमवारची मला धास्ती बसली होती.

गौरी आमच्या घरच्या नव्हेत, निशातगंजच्या काकूंच्या. काकूंचे यजमान इथल्या सरकारी कंपनीतून निवृत्त झाले आणि दोघं इथेच राहिली. आसपासची सगळी मराठी घरं, बँकवाले, फौजी, त्यांच्याकडेच गौरींना जेवायला जमतात. काकू प्रेमळ, पण सोवळ्याच्या कडक. अडचण आलेल्या बाईने व्हरांड्यात बसायचं, नैवेद्याला हात लावायचा नाही. म्हणून बऱ्याच बायका आठवडाभर आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. एकदा एकाच केमिस्टकडे एकीने पाळी येऊ नये म्हणून गोळी घेतली आणि तिच्या मागे उभी राहून मी ती यावी म्हणून. केमिस्टने दोघींना सारख्याच अदबीने पाकिटं दिली.

तर दरवर्षी गौरींच्या दिवशी काकू भर स्वयंपाकघरात मला जवळ घेऊन सगळ्यांना सांगायच्या, "हिला बघा. इतकी वर्षं झाली, देवाच्या कामात हिची एकदाही अडचण नाही. पुण्यवान आहे हो पोर!" बायका माझ्याकडे हेव्याने बघायच्या. माझ्या आजाराचा असा सत्कार व्हायचा, आणि बक्षीस म्हणून चाळीस माणसांचं पुरण कायमचं माझ्याकडे. मी हसायचे. आतून मात्र मला फार वाईट वाटायचं.

यंदाही पुरण माझ्याकडेच. डाळ शिजली, गूळ पडला, मी मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवत होते. डंबेल्सचा खरा उपयोग तिथे कळला. कंबर सकाळपासून दुखत होती, पण ते मी जिमच्या खात्यावर घातलं. पुरण घट्ट झालं, उलथनं मधोमध उभं राहिलं, मग वाटूनही झालं. काकूंनी "वा!" म्हटलं आणि मी हात धुवून न्हाणीघरात गेले.

आणि आली होती. गोळीशिवाय, कुणी न बोलावता, आपली आपण.

मी बादलीच्या काठाला धरून खाली बसले आणि रडले. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. पर्समध्ये पॅड नव्हतं. महिनोन् महिने उगाच बाळगून चिडून मी ते मागच्याच आठवड्यात काढून टाकलं होतं. मग हातरुमालाची घडी केली, तोंड धुतलं आणि विचार करत उभी राहिले.

गप्प बसता आलं असतं. माझ्या स्वतःच्या घरी मी असलं काही पाळत नाही, चारही दिवस देवापुढे दिवा लावते. कुणाला कळलं नसतं, पुरण तयार होतं, माणसं यायला लागली होती. शहाणी बाई गप्प बसली असती. पण मला सांगायचं होतं. बायकांनी तोंड वाकडं करून, कंटाळून, कुजबुजत सांगितलेलं ते वाक्य मी वर्षानुवर्षं नुसतं ऐकत आले होते, ते मला एकदा माझ्या तोंडाने म्हणायचं होतं.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर थांबले. "काकू, मला अडचण आली."

लाटणी थांबली. काकू आधी पुरणाकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे. "आत्ता?"

"हो."

"सगळं पुरण वाटून झाल्यावर?"

"हो, काकू."

"आणि हसतेस काय गं?"

मला वाटत होतं मी दिलगीर चेहऱ्याने उभी आहे. काकूंनी कपाळाला हात लावला. "तू तरी गं! तुझ्या भरवशावर तर होते मी." मग पातेलं बाजूला सरकवलं, कुणालातरी नवी डाळ धुवायला सांगितली आणि मला म्हणाल्या, "जा, बाहेर बस जा." देवींचं जेवण दोन तास लांबणार होतं आणि बाहेरच्या खोलीतले भुकेले पुरुष कारण विचारणार होते. मला काडीचीही लाज वाटली नाही.

व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक नवी नवरी सकाळपासून मोबाइल बघत बसली होती. नवरा हवाई दलात, मराठी कळायचं, पण बोलायची हिंदीच. तिला गोळीने ऐनवेळी दगा दिला होता. मला बघून तिने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलली. "आइए दीदी, बैठिए. बोर हो रही थी. आपका कौन-सा दिन है?"

"पहिला," मी म्हटलं. तिला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा एकदा, आत स्वयंपाकघरापर्यंत पोचेल एवढ्या मोठ्याने, हिंदीतही सांगितलं.