परीक्षकांसाठी लावलेला कूलर

मायक्रोबायोलॉजीच्या प्रॅक्टिकलला मी एकदा नापास झाले होते. कुणी विचारलं तर तब्येत बरी नव्हती म्हणून सांगायचे. दुसऱ्या वेळी मात्र ती थाप चालणार नव्हती, कारण अकोल्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी नोकरी ठरली होती. तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, "पास होऊन ये, जागा तुझीच." त्यामुळे एप्रिलमध्ये अमरावतीच्या आमच्या कॉलेजात परीक्षेला गेले ती पास व्हायचंच असं ठरवून.

प्रश्न दिसायला सोपा. एका नळीत दोन जातींचे जिवाणू एकत्र कालवून देतात. तारेच्या टोकाला बारीक कडं असतं, त्याला लूप म्हणतात. त्यावर थेंबभर घ्यायचं आणि प्लेटमधल्या अगारवर, म्हणजे जेलीसारख्या खाद्यावर, चार भागांत रेघा ओढायच्या. प्रत्येक भागानंतर तार बर्नरवर लाल करून गार करायची. असं केलं की जिवाणू कमी कमी होत शेवटी एकेकटे पडतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या एकट्याची टाचणीच्या डोक्याएवढी वसाहत दिसते. माझ्या प्लेटवर वसाहत कधी आलीच नव्हती. अंगण सारवल्यासारखं काहीतरी यायचं.

बर्नरपाशी वारा नको म्हणून लॅबमध्ये पंखे बंद असतात. पण परीक्षक पुण्याकडचे, आणि बाहेर पारा चव्वेचाळीसवर. आमच्याकडे पाहुण्याला उकाड्यात बसवणं म्हणजे त्याला उपाशी पाठवणं. विभागप्रमुख सरांनी ऑफिसातला कूलर आणून लॅबच्या दारात लावला. गवताच्या जाळ्या भिजल्या, बर्नरच्या ज्योती आडव्या झाल्या आणि परीक्षकांनी घाम पुसायचा रुमाल खिशात ठेवला. माझं टेबल मात्र कपाटाच्या आड, ऑटोक्लेव्हपाशी. वाफेवर सामान निर्जंतुक करायचा तो भलामोठा कुकर सकाळपासून धगधगत होता.

"सर, मलेच काहून या भट्टीत बसवून राहिले?" मी विचारलं.

"तुया नंबर तिथंच येते. गुपचूप बस," सर म्हणाले.

माझं डोकं असं फिरलं की सगळा राग तारेवर काढला. दर वेळी ती लालबुंद होईपर्यंत ज्योतीत धरली, मनातल्या मनात सरांना बोलले, आणि तेवढ्यात ती गारही झाली.

दुसऱ्या दिवशी इनक्युबेटरच्या उबदार पेटीतून प्लेटी बाहेर निघाल्या. सगळ्यांच्या प्लेटवर जिथं रेघ नाही तिथंही ठिपके आले होते, कुठं पांढरट, कुठं सुरकुतलेले आणि पसरलेले. बाहेरचे जिवाणू आत शिरल्याची ती खूण. माझी प्लेट तेवढी स्वच्छ होती, आणि शेवटच्या भागात सुट्या, गोल वसाहती. मला रडूच यायचं बाकी होतं.

परीक्षकांनी ती उलटसुलट करून पाहिली. "तुझी एकटीचीच बरी आली? ही आधी करून ठेवलेली दिसते."

त्यांच्या मागून सर मला डोळ्यांनी गप्प करत होते. पण चोरीचा आळ घेऊन गप्प बसणं मला जमत नाही.

"सर, तो कूलर तुमच्यासाठी लावला होता. त्याचा वारा सगळ्यांच्या प्लेटीत गेला. माया टेबलाकडे आलाच नाही."

पाहुण्याच्या तोंडावर असं कुणी बोलत नाही. कूलर भरणारे आमचे लॅबवाले चाचा तेवढ्यात शांतपणे म्हणाले, "टाकी तं होळीपासून धुतलीच नाही, साहेब."

परीक्षकांनी जाऊन कूलरच्या टाकीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "परीक्षा पुन्हा होईल. आज, कूलर बंद करून, सगळ्यांची."

"मायी बी परीक्षा?"

"सगळ्यांची."

पोरींनी मला डोक्यावर घेतलं. त्या दुपारी लॅबमध्ये अंग भाजत होतं, पण मी हवेत होते. शेजारणीला लूप कसा धरायचा ते दाखवलं, पलीकडचीला रेघा कशा ओढायच्या ते सांगितलं, आणि बोलता बोलता माझी प्लेटही उरकून टाकली.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या वसाहती सुट्या आल्या. माझी प्लेट पुन्हा सारवलेली.

परीक्षकांनी ती माझ्यापुढे ठेवली. आवाज न चढवता म्हणाले, "काल सगळ्यांचं का बिघडलं ते बरोबर सांगितलंस. आता हिचं सांग."

सबब म्हणून मला कपाटाचा आडोसा आठवला, ऑटोक्लेव्ह आठवला, उकाडा आठवला. परीक्षक पेन हातात धरून थांबले होते आणि अकोल्याची नोकरी त्या पेनाच्या टोकाशी होती. लाजेने माझे कान तापले.

"तार तापवली नाही, सर."

"किती वेळा?"

"एकदाही नाही."

त्या उत्तरावर त्यांनी मला तोंडीचे मार्क दिले आणि मी काठावर पास झाले. पण ती कबुली तोंडातून काढायला मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तार तीनदा लाल होऊन गार झाली असती.